वरच राहिलेलं पाणी

गारीगारवाल्या पिराजीच्या पेटीतून शिवगंगानं निळा बर्फ उचलला आणि बीदरकडच्या मेहकर गावच्या गल्लीतून अशी पळाली की एक चप्पल वाटेतच राहिली. बर्फ रुमालात, रुमाल मुठीत आणि मुठीतून कोपरापर्यंत निळे ओघळ. कपड्यांची नीळ घालून तिनं दिलेलं पाणी पिराजीनं कालच भालकीच्या बर्फ-कारखान्यात गोठवून घेतलं होतं. आज असा बर्फ एकच; बीदरला न्यायचा पिराजी उद्या देणार होता. आणि शाळांचं विज्ञान प्रदर्शन उद्यावर, बीदरला.

अंगणात अप्पा ज्वारीच्या बियाण्यासाठी बादलीत मीठ ढवळत बसले होते. बियाणं अजून सुपातच होतं. पोरीला दोन रात्री बीदरला पाठवायची म्हटल्यावर त्यांनी एकच सांगितलं होतं, "काय दाखवणार हाईस ते आधी मला दाखव. मग बघू."

"बघा हं अप्पा!" तिनं काचेची बरणी त्यांच्यापुढं ठेवली. "ह्यात समुद्र हाय."

"समुद्र आपल्यात बघितलाय कुणी?"

"म्हणून तर घरी केलाय! रात्रीच मीठ घालून ठेवलाय. आता बर्फाचं पाणी वरच पसरतंय का न्हाई बघा. खाली जाणारच न्हाई."

तिनं बर्फ सोडला. क्षणभर काहीच झालं नाही. मग बर्फाखालून एक निळा धागा सुटला, वळवळत सरळ तळाला गेला. त्याच्यामागं दुसरा, तिसरा.

अप्पा हसले असते तर बरं झालं असतं. ते नुसतंच म्हणाले, "खाली गेलं की."

शिवगंगानं बोट बुडवून जिभेला लावलं. साधं पाणी! "माय! बरणीतलं पाणी कुठाय?"

"ओतलं की," सुभद्राबाई चुलीपासून ओरडली. "रातचं शिळं पाणी कुणी ठेवतंय का घरात? ताजं भरलंय, घे."

शिवगंगानं बरणीत डोकावून बघितलं. एवढा मोठा बर्फ आता अंगठ्याएवढा उरला होता.

"काढ तो भाईर," अप्पा म्हणाले.

संपलं, तिला वाटलं. तिनं बर्फ काढला. अप्पांनी बरणी शेवग्याच्या बुडाशी रिकामी केली, बरणीच्या तोंडावर उपरण्याचं टोक धरलं आणि बादलीतलं बियाण्यासाठीचं मिठाचं पाणी सावकाश गाळून घेतलं.

"ह्यात पोचट दाणा बुडत न्हाई," ते म्हणाले. "तुझं पाणी बुडतंय का बघू. टाक लवकर, विरघळायलाय तो."

तिनं टाकला. निळा धागा सुटला. जरासा खाली उतरला, थबकला आणि आडवा वळला. मग बरणीच्या काठापर्यंत पसरत गेला. वर बोटभर निळाई, खाली स्वच्छ पाणी. इतकं स्वच्छ की त्यातून पलीकडची मायची पीठभरली बोटं दिसत होती. सुभद्राबाई कधी येऊन उकिडवी बसली, कुणाला कळलंच नाही.

"मघाशी कसं बुडालं सरसर!" ती म्हणाली. "मग माझंच पाणी कामाला आलं म्हणा."

"व्हय माय, दोन्ही दाखवणार बीदरला!" शिवगंगा बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. परवानगी कुठं मिळाली होती?

अप्पांची नजर बरणीवरून हलली नव्हती. "ह्याचं काय व्हतंय पण?"

"अप्पा, बारा-तेरा हजार वर्षांमागं उत्तरेला बर्फाचे डोंगर होते. देशाएवढे! समुद्राचं खारं पाणी तिकडं गार होऊन बुडायचं, आन् त्याच्या जागी दक्षिणेचं गरम पाणी ओढलं जायचं. सारखं, रात्रंदिवस. मग ते डोंगर वितळले. त्यांचं गोडं पाणी असं झाकण होऊन बसलं. बुडणं मंदावलं, गरम पाणी येईना. तिकडं पुन्हा हजार वर्षं थंडी!"

"बर्फ वितळला म्हणून थंडी?"

"व्हय! आन् आपल्याकडचा पाऊसबी कमी झाला, असं रामराव सर सांगत्यात."

"आपल्याकडचा?" अप्पांनी सुपातल्या ज्वारीकडं बघितलं, मग वर आभाळाकडं. "एवढ्या लांबून?"

भिंतीपलीकडून एक बैलगाडी खडखडत गेली. अंगण थरथरलं. बरणीतली निळाई एका बाजूला उचलली गेली, दुसऱ्या बाजूला झुकली. तिघांनीही श्वास रोखला. पण ती बुडाली नाही. हळूहळू सपाट झाली, आणि त्या निळाईखाली सगळं शांत, खोल.

सुभद्राबाई काहीतरी बोलायला गेली. अप्पांनी हात वर करून तिला थांबवलं. पाण्याला आपला वारा लागू नये म्हणून त्यांनी तोंड बाजूला वळवलं आणि अगदी हळू विचारलं,

"बीदरला किती वाजता पोचावं लागतंय?"