बोटीचा वास

बद्रीनाथनं बोट पाचव्यांदा धुऊन ओट्यावर पालथी घातली आणि कंबर धरून तिथंच बसला.

दोन हात लांब, हौसेनं केलेली प्लायवूडची खेळण्यातली बोट. फवारणी पंपाचं पेट्रोल इंजिन त्यानं स्वतःच तिच्यात बसवलं होतं. पालीच्या तलावात ती फटफटत सुटली की त्याची बायको सत्यशीला काठावरून टाळ्या वाजवायची. इंजिन त्यानं गेल्या आठवड्यात काढून टाकलं. पण टाकीतून झिरपून लाकडात मुरलेलं पेट्रोल काही निघत नव्हतं.

सत्यशीलाला कॅन्सरची औषधं सुरू झाल्यापासून तो वास आला की मळमळायचं. म्हणून त्यानं बोट तिच्या खाटेसमोरच्या फळीवरून काढून बाहेर नेली, तर दुसऱ्याच दिवशी ती म्हणाली, "आवं, फळी मोकळी नका ठिवू. पडल्या पडल्या नुसती भित बघू का मी?"

मग साबणाचं पाणी झालं. खायचा सोडा रात्रभर भरून ठेवून झाला. स्पिरिटनं पुसलं, आतलं लाकूड पॉलिश पेपरनं घासलं. घासून घासून बोटं सोलली. रोज तो बोट दारात धरायचा, ती पदर नाकाला लावून तोंड फिरवायची, आणि तो परत बादलीकडं जायचा.

आज ऊन उतरल्यावर त्यानं बोट उचलली. स्वतःच्या नाकावर त्याचा भरवसा राहिला नव्हता. आठवडाभर त्याला भाकरीलाही पेट्रोलचाच वास येत होता. तो सरळ तिच्या खाटेपाशी गेला.

"बघ बरं. न्हाई गेला तर आता जाळतोच हिला."

सत्यशीला कोपरावर उठली. बोटीत नाक घालून तिनं एकदा श्वास घेतला. मग आणखी एकदा, लांब.

"गेला की वो!"

"खरं?"

"कायच येत न्हाई. ठिवा तिथं. तिचं तोंड जरा माझ्याकडं करा."

त्यानं बोट फळीवर ठेवली, तोंड तिच्याकडं केलं, आणि खाटेशेजारी जमिनीवरच पाय पसरले. डोळे मिटले.

थोड्या वेळानं त्याच्या नाकालासुद्धा करपट वास लागला. दूध! गॅसवर ठेवलेलं तो साफ विसरला होता. धावत गेला तर पातेलं आतून काळं ठिक्कर, सगळा वास घशात उतरत होता. त्यानं गॅस बंद केला, मागचं दार उघडलं. मग वळून बघितलं. सत्यशीलाची खाट स्वयंपाकघराच्या चौकटीलाच लागून होती. मध्ये दार नव्हतं.

"काय झालं वो?" तिनं विचारलं. ती बोटीकडं बघत होती.

"काय न्हाई. दूध वर आलतं."

"येळंवर गेलात, बरं झालं. च्या ठिवा मग. दूध जरा जास्त घाला."

इतका करपट वास तिला आलाच नव्हता, हे बद्रीनाथच्या ध्यानात आलं. मग एक तांब्या घेऊन, आवाज न करता, मागच्या दारानं शेजारच्या छबुबाईकडं दूध मागायला गेला.