हलू नका

“मावळचा खरा आत्मा जगापुढे अजून आलेलाच नाही. तो मी आणणार,” असं बाळराव सोमण वलवणच्या घरातून निघताना बायकोला म्हणाले. चंद्रिकाबाई म्हणाल्या, आणा, आणि येताना गिरणीतून दळणही आणा.

अडचण एवढीच होती की जग तो आत्मा घ्यायला तयार नव्हतं. विमा कचेरीतून निवृत्त झाल्यापासून बाळराव इंटरनेटवर फोटो विकणाऱ्या एका परदेशी कंपनीला फोटो पाठवत होते आणि कंपनी ते नाकारत होती. धुक्यातला लोहगड नाकारला, कारण धुक्यात लोहगड दिसत नव्हता. धरणावरची गर्दी नाकारली, कारण ओळखू येणाऱ्या प्रत्येक चेहऱ्याची लेखी संमती हवी होती आणि ते चेहरे तोवर मुंबईला पोचले होते. चिक्कीच्या फोटोत दुकानाचं नाव येत होतं. भाजलेल्या कणसाबद्दल कळवलं होतं की अशी कणसं आमच्याकडे भरपूर आहेत. पहिले काही नकार बाळरावांना लागले. पुढे ते पेपरातल्या हवामानासारखे वाचायची सवय झाली.

काल मात्र वेगळं उत्तर आलं. फोटो उत्तम आहे, फक्त त्यातल्या माणसाच्या सहीचा संमतीचा कागद जोडा. ‘उत्तम’ हा शब्द त्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचला. फोटो लोहगडवाडीतल्या चहाच्या टपरीवाल्या भिमाजींचा होता, पावसाळा सरताना काढलेला. टपरीच्या दारात उभे, डोक्याला टोपी, उजवा हात छातीवर, मान जराशी झुकलेली. लोकांना शोधायला सोपं जावं म्हणून बाळरावांनी खाली शब्द दिले होते: आदरातिथ्य, समाधान, ग्रामीण भारत.

संमतीचा कागद खिशात घालून बाळराव मोटारीने लोहगडवाडीला पोचले, तेव्हा टपरीवर भिमाजींच्या पत्नी नंदाबाई भजी तळत होत्या. बाळरावांनी भिमाजींची चौकशी केली.

“मालक वारलं की,” नंदाबाई म्हणाल्या. झारा कढईच्या कडेला टेकवून त्यांनी तेल निथळू दिलं. “तुमी मागं फोटू काडाया आलता न्हवं, त्याच हप्त्यात.”

बाळराव बाकावर बसले. अशा वेळी जे बोलायचं असतं ते बोलले. सून पिंकीने पाण्याचा तांब्या आणून ठेवला. खिशातला कागद त्यांना टोचत होता. सही करणारा हयात नसल्यास वारसाची चालेल, असं त्यावर तळाशी बारीक अक्षरात छापलेलं होतं. विम्यात जन्म गेलेल्या माणसाला बारीक अक्षर आधी दिसतं.

थोडा वेळ जाऊ दिला आणि मग त्यांनी विषय काढला. नंदाबाईंनी हात पदराला पुसले आणि विचारलं की ती माणसं फोटोचं करणार काय. बाळरावांनी समजावून सांगितलं. ज्याला लागेल तो विकत घेईल. एखादं हॉटेल घेईल, कॅलेंडरवाले घेतील. पाहुण्याचं मनापासून स्वागत दाखवायचं असेल तिथे हा फोटो लागेल. मग मोबाइल पुढे केला.

पिंकी सासूच्या खांद्यावरून वाकली. मामा लय झ्याक आल्यात, म्हणाली, हसल्यावानी दिसत्यात.

“हसत न्हाईत,” नंदाबाई म्हणाल्या. “सकाळधरनं छातीत कळ येत व्हती त्यास्नी. हात खाली घेत व्हतं, तर तुमी म्हनला, हलू नका. म्हून ऱ्हायलं तसंच.”

बोलण्यात तक्रार नव्हती. सकाळची एसटी किती वाजता गेली हे सांगावं, तसं त्यांनी सांगितलं.

बाळरावांना आठवलं. उन्हावर ढग आला होता, आणि तो सरकेपर्यंत ते पुन्हा पुन्हा हलू नका म्हणत होते. भिमाजी खरंच हलले नव्हते. इतका आज्ञाधारक माणूस त्यांच्या फोटोत पूर्वी आला नव्हता. आपल्याला आता काहीतरी वाटायला हवं, असं बाळरावांच्या मनात आलं. ते वाट बघत बसले. कढईत भजी उलटली गेली. समोरून ट्रेकवाल्यांचा एक घोळका गडाकडे गेला.

त्यांनी कागद परत खिशात घालायला घेतला, तेव्हा नंदाबाईंनीच हात पुढे केला. कुटं करायची, म्हणाल्या. बाळरावांनी बोट ठेवलं. नंदाबाईंनी अक्षराला अक्षर जोडत सही केली. कागदाला तेलाचं बोट लागलं. तो बाळरावांनी घडी न करता धरून ठेवला.

फोटोची एक मोठी प्रत नंदाबाईंना हवी होती. घरात मालकांचा दुसरा फोटो म्हणजे आधार कार्डावरचा, आणि तो मोठा केला तर नुसती टोपीच येते. बाळराव म्हणाले, देतो, फ्रेम करूनच देतो. ते उठले, मोटारीपर्यंत गेले, दार उघडलं.

“भाऊ,” नंदाबाईंनी मागून हाक दिली. “तेवडं एक करा. फोटूत मागं पाटीवर चा धा रुपय दिसतुय. त्यो पंदरा करून द्या. हितंच लावायचाय फोटू, गिऱ्हाईक हुज्जत घालतंय.”