सिस्टर व्हर्लीनसाठी एक गाणं

युटातल्या नीफाय गावच्या मॉर्मन चर्चमध्ये अर्व्हिला अकरा वर्षं गायकवृंद सांभाळत होती. एकदा तिने त्याच चर्चमधल्या सिस्टर व्हर्लीनला (तिथे सगळ्याच बायकांना सिस्टर म्हणत) गाडीतून घरी सोडलं आणि नेमकी रेडिओ बंद करायला विसरली. त्यावर दुसऱ्या पंथाची गिटार-ड्रमवाली भक्तिगीतं चालू होती.

"जे आपल्याला ख्रिस्तीच मानत नाहीत, त्यांची गाणी ऐकतेस होय?" व्हर्लीन हसत म्हणाली आणि त्याच संध्याकाळी तिने चर्चचे प्रमुख असलेल्या बिशपचे कान भरले. बिशपनी गायकवृंद अर्व्हिलाकडून काढून व्हर्लीनला दिला.

अर्व्हिला महिनाभर आतल्या आत धुमसत राहिली. मग एका शनिवारी सकाळी तिने त्या रेडिओ केंद्राला फोन लावला. "आमच्या नीफायच्या मॉर्मन चर्चमधल्या सिस्टर व्हर्लीन ओस्लर तुमची गाणी लावल्याशिवाय भांडी घासत नाहीत. त्यांच्यासाठी एक गाणं लावा ना." निवेदकाने ते नाव चर्चसकट, मोठ्या कौतुकाने, दोनदा घेतलं. अर्व्हिलाने याबद्दल कुणापाशी चकार शब्द काढला नाही.

रविवारी व्हर्लीनच्या बाकावर कुणीच बसलं नाही. बायका तिच्याकडे बघून कुजबुजत होत्या. प्रार्थना संपल्यावर ती रडवेली होऊन बिशपसमोर उभी राहिली. "मी ते केंद्र कधी लावतच नाही, बिशप. कुणी केली माझी चुगली तुमच्याकडे?" मागच्या बाकावर अर्व्हिला कान टवकारून बसली होती.



"चुगली कसली, सिस्टर," बिशप म्हणाले, "काल गाडी धुताना माझ्या रेडिओवर मी स्वतःच ऐकलं."