अडिमा

कोट्टयमच्या बिशप हाउसमध्ये मल्याळम बायबलची फेरतपासणी चालली होती. रोमकरांना लिहिलेल्या पत्राची पहिलीच ओळ आली आणि बैठक अडली. जुन्या भाषांतरात संत पौल स्वतःला ख्रिस्ताचा ‘सेवक’ म्हणवत होता. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मात्र सरळसरळ ‘अडिमा’, म्हणजे गुलाम. तरुण फादर जोमोननी नव्या मसुद्यात तोच घातला होता.

“हा शब्द रविवारी वेदीवरून वाचायचा?” अध्यक्ष फादर चाक्को भडकले. “अरे, इथे एलीश्वा टीचर बसल्यात, निदान त्यांचा तरी विचार करायचा!”

बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. सेमिनरीत ग्रीक शिकवणाऱ्या एलीश्वा टीचरचे पूर्वज गुलाम होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. उघड कुणी बोलत नसे.

टीचरनी थेट फादर चाक्कोंकडे पाहिलं.

“माझ्या पणजीला भाताच्या खाचरासकट विकलं होतं,” त्या म्हणाल्या. “विकणारे आणि घेणारे, दोघंही दर रविवारी चर्चला जायचे.”

फादर चाक्कोंनी घाईघाईने लाल पेन उचललं. “चुकलंच, टीचर. आत्ताच्या आत्ता खोडतो.”

टीचरनी कागदावर हात आडवा ठेवला.



“खोडू नका, फादर. पौल आपणहून आमच्यात येऊन बसलाय, त्याला परत तुमच्यात ओढून नेऊ नका.”