परत आलेला डबा

डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मास्तरांच्या गळ्यात मापाची टेप तशीच होती. शिवणकाम अर्धवट टाकून ते बायकोबरोबर आले होते.

"दोन महिने, फार तर तीन," डॉक्टर म्हणाले. "बाईंना आधी कडेचं दिसेनासं होईल, मग समोरचं. ऑपरेशनचा उपयोग नाही."

जिना उतरताना बायकोनेच त्यांच्या गळ्यातली टेप काढली, गुंडाळली आणि त्यांच्या खिशात कोंबली. "लोक बघतायत," ती म्हणाली.

त्या दिवसापासून मास्तरांना बूड टेकवेना. तीस वर्षं ते तिला म्हणत आले होते, पुढच्या वर्षी घर नीट करू. दोन खोल्या, पोपडे आलेल्या भिंती. जगाचे पडदे शिवले आणि आपल्या खिडकीला जुनी चादर. आता पुढचं वर्ष उरलं नव्हतं. तिचे डोळे जायच्या आत घर देखणं करायचं, एवढंच त्यांनी मनाशी धरलं. शेवटचं बघायचं ते तिने चांगलं बघावं.

पैसा बेताचाच. पण शिंप्याच्या घरी चिंध्यांना तोटा नसतो, आणि उरलेलं कापड परत द्यायला विसरणं ही या धंद्याची जुनी कला. तुकड्याला तुकडा जोडून पडदे झाले. कोटाच्या अस्तरातून उशांचे अभ्रे निघाले. मोडक्या छत्रीच्या काड्यांवर झिरझिरीत कापड ताणून दिव्याला टोपी केली. जोडी हरवलेली सगळी बटणं आरशाच्या चौकटीला चिकटवली. जेवताना मधेच उठून मास्तर एखादा टाका घालून येत.

मेहुणी रोज संध्याकाळी यायची. आली की बहिणीचा हात धरून घरभर फिरायची.

"अगं बाई! भावजी, हा तांबड्या-पिवळ्या पट्ट्यांचा पडदा तुम्ही जोडलात? आणि उशी काय ऐटीत बसलीय खुर्चीवर! जरा डावीकडे कललीय, पण ऐट आहे."

"तू रेडिओवर मॅचचं वर्णन करायला जा," मास्तर म्हणायचे.

"मी नाही बोलले तर या घरात बोलणार कोण? तुम्ही दोघं तोंडात मूग धरून बसणार."

बायको मान तिरकी करून निवाडा द्यायची. "उशी सरळ करा हो. आणि तांबड्याशेजारी पिवळा नको होता, डोळ्यांवर येतो."

मास्तर लगेच उसवायला बसत. उसवण्याचा त्यांना एरवी तिटकारा, पण आता बरं वाटायचं. म्हणजे नजरेला अजून धार आहे.

"दिसतंय ना?" ते दिवसातून दोनदा विचारत.

"तुमच्या कानावरचे केससुद्धा दिसतायत. कापा ते."

राहिल्या आतल्या खोलीच्या भिंती. त्या तिला निळ्या हव्या होत्या, लग्नानंतर जिथे पहिलं बिऱ्हाड केलं त्या खोलीसारख्या. "हिरवट नको हं," तिने बजावलं होतं. "हिरवं म्हटलं की दवाखान्याचे पडदे आठवतात."

रंगवाल्याच्या दुकानात दाराशी एक फळी होती. मिसळताना छटा चुकली आणि गिऱ्हाइकाने डबा परत आणला, की तो त्या फळीवर अर्ध्या किमतीत. मास्तर रोज चक्कर टाकत. कधी विटकरी असायचा, कधी मातकट. दुसरा महिना संपत आला तरी निळा येईना.

"मास्तर, निळा कुणी परत करत नाही," रंगवाला म्हणाला. "तुम्ही आपले रोज येऊन डबे हुंगून जाता."

शेवटी एका संध्याकाळी ट्यूबलाइटखाली एक डबा निळा दिसला. मास्तरांनी झाकण उचकटलं, आत डोकावले आणि डबा काखेत मारून निघाले. वासाचा त्रास नको म्हणून बायकोला दोन दिवसांसाठी मेहुणीकडे धाडलं आणि लागलीच ब्रश हातात घेतला. दिव्याच्या उजेडात, जेवणवेळेच्या आत तीन भिंती झाल्या. तेवढ्यात डबा तळाला लागला. चौथीपुरता उद्या आणू, म्हणाले.

सकाळी खिडकी उघडली. भिंती हिरव्या होत्या. निळसर नाही, हिरवट नाही. दवाखान्याच्या पडद्यासारख्या हिरव्यागार.

मास्तर रिकाम्या डब्याशेजारी खाली बसले. दोरा जुळवायचा तर कापड घेऊन दाराशी उन्हात जायचं, दिव्याखाली रंगावर विश्वास ठेवायचा नाही. बायकोला काज-बटणं शिकवताना त्यांनी हेच सतरा वेळा सांगितलं होतं. घाईत स्वतःच विसरले. फळीवरचा डबा रंगवाला परत घेत नसे, आणि नव्या डब्यांपुरतं हाताशी काही नव्हतं.

"ताई, मी पळते, कामाला उशीर झाला! संध्याकाळी येते घर बघायला!" खालून मेहुणीचा आवाज आला.

बहिणीकडे करमेना म्हणून बायको एक दिवस आधीच परतली होती. खुर्चीच्या पाठीला, मग आरशाच्या बटणांना, मग चौकटीला हात लावत ती आतल्या खोलीच्या दारात आली.

मास्तर उठून उभे राहिले. काय बोलायचं ते त्यांनी मनात जुळवलं होतं. "अगं, जरा ऐकून घे. माझ्याकडून..."

"थांबा हो. आधी बघू द्या."

ती खोलीच्या मधोमध गेली. सावकाश वळत एकेका भिंतीसमोर थांबली. मग तोंडभर हसली. असं हसताना मास्तरांनी तिला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

"अगदी असाच निळा हवा होता मला," ती म्हणाली. "आणि चारही भिंती कशा एकसारख्या उतरल्यात. कुठे एक डाग सोडला नाहीत तुम्ही."

ती ज्या भिंतीकडे तोंड करून हे बोलली, ती भिंत अजून रंगवायची राहिली होती.