कसणाऱ्याचं नाव

आज तोडली तर बोटाएवढी, उद्या तोडली तर जून. भेंडीचं असंच असतं, आणि एक्स्पोर्ट कंपनीची मॅडम अजून आली नव्हती. धोंडाबाई दहा वेळा रस्त्यापर्यंत जाऊन आली. तोडणीच्या बाया पाट्या घेऊन बांधाला बसून होत्या.

"सर, अजून बी इचार करा. भाडेपट्टा लिवून द्या. तीनच वर्सं."

नीळकंठ सर रुमाल अंथरून लिंबाखाली बसले होते. जमीन त्यांची, राहणं बारामतीत. वडगाव निंबाळकरातलं हे सव्वा एकर रान चार वर्षं धोंडाबाईच कसत होती, नुसत्या तोंडी बोलीवर.

"धोंडाबाई, तुम्हाला का मी परकं समजतो? पण कागद नको. कागदावर नाव आलं की कूळ लागतं. वडिलांची सात एकर अशीच गेली."

"मी काय जमीन खानार हाय व्हय तुमची?"

"तुम्ही नाही हो. कायदा खातो."

झालं! भेंडी परदेशी पाठवायची तर प्लॉटची नोंद पाहिजे. नोंदीला सातबाऱ्यावरचा मालक पाहिजे, नाहीतर लेखी भाडेपट्टा. धोंडाबाईकडं दोन्ही नव्हतं. नोंद नसली तर हीच भेंडी बारामतीच्या यार्डात जाणार, तोडणीची मजुरीसुद्धा निघायची नाही. मग ठरलं ते असं, की शेतकरी सर आणि धोंडाबाई मजूर. फवारणीची वही तिनंच सरांकडून दोनदा पाठ करून घेतली होती.

वृषाली मॅडम स्कूटीवरून उतरली ती घाईतच. "अजून सहा प्लॉट बघायचेत, काका. सातबारा? ठीक. शेवटची फवारणी कधी?"

सरांनी तारीख बरोबर सांगितली. धोंडाबाईचा जीव भांड्यात पडला.

"आता एक फोटो. तुम्ही भेंडी तोडताय असा."

सर सरीत शिरले. उघड्या हातानं पाच-सहा भेंड्या तोडल्या. फोटो निघाला. वृषाली फोनवर नाव भरायला लागली आणि सर मनगट खाजवायला लागले. मग कोपर. मग मान. भेंडीची लव ती! तोडणारी बाई हाताला जुने मोजे चढवते, हे वहीत कुठं लिहिलेलं नव्हतं.

वृषालीचं बोट थांबलं. तिनं सरांच्या हाताकडं पाहिलं, मग धोंडाबाईच्या हातातल्या भोकं पडलेल्या मोज्यांकडं.

"काका, खरं सांगा. हे रान कोण करतं?"

सर मान खाजवत राहिले. धोंडाबाईच्या अगदी ओठावर आलं होतं. तिनं बांधावरच्या रिकाम्या पाट्या बघितल्या.

"तेच करत्यात की," ती म्हणाली. "सकाळधरनं पित्त उठलंय त्यास्नी. मी म्हनलं, आज रानात येऊ नगा. ऐकत्यात व्हय?"

"आणि तुम्ही, मावशी?"

"मी कामाला हाय त्यांच्या."

वृषालीनं क्षणभर तिच्याकडं बघितलं आणि नाव भरून टाकलं. स्कूटी रस्त्याला लागायच्या आत बाया सऱ्यांमधे शिरल्या होत्या.

"धोंडाबाई," सर हळूच म्हणाले, "फार उपकार झाले."

धोंडाबाईला असा राग आला! तिनं हातातले मोजे काढले आणि सरांपुढं धरले.

"घ्या. म्हैन्यानं मॅडम परत येनार हाय. शेतकऱ्याजवळ असूद्यात."

आणि ती उघड्या हातानं तोडायला लागली.