सोडलेला ठिपका

केसाएवढ्या काचेच्या तंतूत छिद्रं नेमकी कुठे ठेवायची, यावर यशश्री वर्षभर डोकं फोडत होती. तंतू कितीही वाकवला तरी आतल्या प्रकाशाच्या कंपनांची दिशा बदलू नये, आणि सगळे रंग बरोबरीने पलीकडे पोचावेत, एवढंच तिला हवं होतं. शेवटी एका सकाळी दारात रांगोळीचे ठिपके मांडता मांडता तिला ती मांडणी सुचली. तशीच्या तशी तिने कागदावर उतरवली आणि सगळ्यात आधी नवऱ्याला दाखवली. श्रेयस तिच्याच कॉलेजात, तिच्याच विषयातला.

"यशू, फायबर म्हणजे काय रांगोळी वाटली का तुला?" तो हसला. "नाही चालायचं हे. सोड."

तिने सोडलं.

आज गंगापूर रोडच्या सभागृहात श्रेयसचा सत्कार होता. पडद्यावर तेच ठिपके होते, आणि खाली त्याच्या एकट्याचं नाव.

"सर, कोपऱ्यातलं एक छिद्र का सोडलंय?" एका विद्यार्थिनीने विचारलं.

"वा, फार छान प्रश्न!" श्रेयस खुलला. "सगळी खुबी तिथेच तर आहे. ते सापडायला मला किती जागरणं करावी लागली, माझं मला माहीत."



शेवटच्या रांगेत बसलेल्या यशश्रीला सटाण्याच्या अंगणात रांगोळी शिकवणारी आई आठवली: "एक ठिपका सोडत जा बाई. पुऱ्या रांगोळीला दृष्ट लागते. अन् दृष्ट काय, घरच्या माणसाचीबी लागते."